भाड्याने देण्यासाठी पहिले घर : ते कोठे घ्यावे?
(समाजबांधव व विद्यार्थी यांच्यासाठी एक अभ्यासलेख)



आपल्या समाजातील मागची पिढी भाड्याच्या खोलीत वाढली. गिरणी, गोदी, रेल्वे किंवा नगरपालिका, जेथे नोकरी मिळाली तेथे जवळच्या चाळीत दहा बाय बाराची खोली घेऊन राहिली. खुद्द पूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बी.आय.टी. चाळीत १९१२ पासून १९३४ पर्यंत भाड्याने राहिले. आज चित्र थोडे बदलले आहे. शिक्षक, परिचारिका, तलाठी, रेल्वे कर्मचारी, बँक कर्मचारी अशी आपली माणसे स्वतःच्या घरात राहतात, आणि निवृत्तीच्या वेळी किंवा जमिनीचा मोबदला मिळाल्यावर दुसऱ्या घराचा विचार करतात. हे घर राहण्यासाठी नसते, भाड्याने देण्यासाठी असते. भाडेकरू असणारा समाज आता घरमालक होऊ लागला आहे. ही गोष्ट आनंदाची आहे आणि जबाबदारीचीही आहे.

शेणवा, किन्हवली, डोळखांब या आमच्या भागात हा प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला आहे. समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यातील अनेक गावांच्या जमिनी गेल्या. त्या ७०१ किलोमीटरच्या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. जमिनीचा पैसा आयुष्यात एकदाच येतो. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कमही एकदाच येते. तो पैसा चुकीच्या जागी अडकला तर दुसरी संधी नसते. मुलांचे शिक्षण अडते आणि म्हातारपणी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. म्हणून पहिले भाड्याचे घर कोठे घ्यावे, याचा विचार शांतपणे आणि हिशेबाने व्हायला हवा. आम्ही बँकेत काम करीत असल्याने कर्जाचे कागद रोज हाताखालून जातात. त्या अनुभवाच्या आधारे हा विषय येथे मांडत आहोत.

१. मूळ तत्त्व

बहुतेक लोक घर घेताना पहिला प्रश्न विचारतात, "तिथला भाव वाढेल का?" आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा : "या घरात कोण राहील, आणि तो भाडे कशातून देईल?" भाव वाढणे आपल्या हातात नाही. भाडेकरू मिळेल की नाही, हे मात्र आपण चार दिवस हिंडून, माणसांना विचारून आधी शोधू शकतो. जेथे भाडेकरू आहे तेथे घराला आधार आहे. जेथे केवळ जाहिरातीचा फलक आहे, तेथे आपलाच पैसा दुसऱ्याच्या धंद्याला आधार देतो.

महामार्गाचेच उदाहरण घेऊ. रस्ता आला म्हणजे जमिनीचे दर चढतात, हे आपण पाहिले. पण रस्त्यावरून वेगाने जाणारी मोटार आपल्या गावात खोली भाड्याने घेत नाही. रस्त्यामुळे कारखाना, गोदाम, रुग्णालय, महाविद्यालय आले आणि त्यात माणसे कामाला लागली, तरच भाडेकरू तयार होतो. दर आधी चढतो, भाडेकरू मागाहून येतो, आणि कधी कधी येतच नाही. ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे, त्याला एवढी वाट पाहणे परवडत नाही.

२. जागा निवडण्याच्या पाच कसोट्या

(अ) भाडेकरू कोण? गावाची किंवा वसाहतीची निवड करण्यापूर्वी तेथील भाडेकरूंची यादी करावी. सरकारी कर्मचारी, कामगार, विद्यार्थी, दुकानदार, बांधकामावरचे मजूर असे गट पाडावेत. एकाच कारखान्यावर किंवा एकाच महाविद्यालयावर सर्व भाडेकरू अवलंबून असतील तर तो कारखाना बंद पडल्यावर सगळ्या खोल्या एकाच वेळी रिकाम्या होतात. विद्यार्थी भाडेकरू असतील तर परीक्षेनंतरचे महिने खोली रिकामी राहते. दोन-तीन प्रकारचे भाडेकरू मिळणारी जागा अधिक भरवशाची समजावी.

(आ) ये-जा कशी? कल्याण–कसारा मार्गावर राहणाऱ्या माणसाचे आयुष्य लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले असते. आसनगाव मुंबईपासून सुमारे ८५ किलोमीटर आहे. आसनगावच्या पुढे कसाऱ्याकडे गाड्या आणखी कमी होतात. कल्याण–कसारा तिसऱ्या मार्गिकेचे काम बरीच वर्षे रेंगाळले आहे. म्हणून स्थानकापासून घर चालत किती मिनिटे आहे, आणि शेवटच्या गाडीने उतरल्यावर रिक्षा मिळते का, हे स्वतः रात्री जाऊन पाहावे. जाहिरातीतील "स्थानकापासून पाच मिनिटे" हे अंतर पुष्कळदा मोटारसायकलचे असते.

(इ) पाणी आणि पूर. आपल्या तालुक्याइतके हे कोणाला सांगायला नको. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे वैतरणेचे आणि भातसेचे पाणीही जाऊ लागले. तरीही तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. भाडेकरू घरात शिरताच पहिला प्रश्न विचारतो, "पाणी किती वेळ येते?" इमारतीला नळजोडणी आहे की केवळ कूपनलिका, एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवावा लागतो का आणि त्याचा खर्च कोण देतो, हे तेथे आधीपासून राहणाऱ्या गृहिणीला विचारावे. तिच्याइतके खरे उत्तर कोणी देणार नाही. पुराचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी कल्याण–बदलापूर पट्ट्यात पाणी कोठपर्यंत आले होते, हे जुन्या रहिवाशांना आठवते. जुलै २०१९ मध्ये बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा नदीकाठच्या नव्या वसाहतींची स्थितीही लोकांनी पाहिली. घर बघायला हिवाळ्यात जावे, पण विकत घेण्यापूर्वी एकदा भर पावसात जाऊन यावे.

(ई) कागद स्वच्छ आहेत का? याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

(उ) आपल्यापासून किती दूर? पहिल्या घरासाठी ही कसोटी फार महत्त्वाची आहे. नळ गळला, मोटार जळली, भाडे थकले, भाडेकरू बदलला, की मालकाला जावे लागते. शेणव्यातून एका दिवसात जाऊन काम उरकून परत येता येईल, एवढ्या अंतरातच पहिले घर घ्यावे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या पलीकडे स्वस्त मिळते म्हणून घेतलेल्या घराची देखरेख दुसऱ्याच्या हाती जाते, आणि मग भाड्यातील बराच वाटाही त्याच्याकडे जातो.

३. हिशेब कसा मांडावा?

विद्यार्थ्यांनी ही उदाहरणे पाटीवर सोडवून पाहावीत. आकडे समजण्याच्या सोयीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या ठिकाणचे खरे आकडे घालून हिशेब करावा.

उदाहरण १ : स्थानकाजवळील नव्या संकुलातील सदनिका. किंमत २० लाख रुपये. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, पंखे-दिवे, खिडक्यांच्या जाळ्या इत्यादी मिळून आणखी २ लाख. एकूण गुंतवणूक २२ लाख. भाडे दरमहा ६,००० रुपये. वर्षात एक महिना घर रिकामे राहील असे धरावे, म्हणजे ११ महिन्यांचे ६६,००० रुपये. त्यातून सोसायटीचे देखभाल शुल्क १४,४००, घरपट्टी २,६००, रंग-दुरुस्ती ५,००० आणि दलाली-करारखर्च ४,००० वजा केले, की हातात उरतात ४०,००० रुपये. २२ लाखांवर हे प्रमाण वर्षाला सुमारे १.८ टक्के पडते.

उदाहरण २ : शहापूर–आसनगाव भागातील जुन्या पण भक्कम इमारतीतील लहान घर. किंमत १० लाख, इतर खर्च १ लाख. भाडे ४,५०० प्रमाणे ११ महिन्यांचे ४९,५०० रुपये. एकूण खर्च १७,५०० वजा जाता ३२,००० उरतात. ११ लाखांवर हे प्रमाण सुमारे २.९ टक्के.

उदाहरण ३ : गावठाणातील स्वतःच्या जागेवर, नाक्याजवळ बांधलेल्या दोन खोल्या. बांधकाम ७ लाख. प्रत्येकी २,००० भाडे, दोन्हींचे मिळून दरमहा ४,०००. गावात खोली अधिक काळ रिकामी राहते, म्हणून दहाच महिने धरावेत : ४०,००० रुपये. घरपट्टी, पाणीपट्टी व दुरुस्ती मिळून ८,००० वजा जाता ३२,००० उरतात. हे प्रमाण सुमारे ४.६ टक्के. मात्र यात जागेची किंमत धरलेली नाही, हे ध्यानात ठेवावे.

या तीन उदाहरणांतून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, चकचकीत घराचे भाडे त्याच्या किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. किंमत दुप्पट झाली तरी भाडे दीडपटही होत नाही. दुसरी, हा लेख लिहीत असताना बँकेच्या मुदत ठेवीवर सहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळते. म्हणजे पहिल्या वर्षाच्या भाड्याकडे पाहिले तर ठेव सरस ठरते. मग घर कशासाठी घ्यायचे? कारण ठेवीची मुद्दल आहे तेवढीच राहते, तर चांगल्या जागेचे भाडे महागाईबरोबर वाढत जाते आणि घरही हाताशी राहते. पण "चांगल्या जागेचे" हा शब्द या वाक्याचा कणा आहे. ज्या ठिकाणी भाडेकरू नाही, तेथे हे दोन्ही फायदे मिळत नाहीत.

आता कर्ज. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक एक लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. पहिल्या उदाहरणात १५ लाख कर्ज घेतले तर हप्ता १३,०२० रुपये. घरापासून निव्वळ मिळणार महिना ३,३३३ रुपये. म्हणजे दरमहा ९,६८७ रुपये पगारातून घालावे लागणार. वीस वर्षांत एकूण हप्ते ३१,२४,८०० रुपयांचे होतात. त्यात व्याजच १६ लाखांहून अधिक. "भाड्यातूनच हप्ता फिटतो" असे विकणारा सांगतो, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोरच हा हिशेब मांडावा.

आमचा साधा नियम असा : घर सलग सहा महिने रिकामे राहिले तरी हप्ता, घरखर्च आणि मुलांची फी या तिन्ही गोष्टी थांबणार नाहीत, एवढेच कर्ज घ्यावे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला उत्पन्नाचे चार भाग करायला सांगितले आहेत : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. अडचणीसाठीचा हा चौथा भाग घराच्या पहिल्या रकमेत घालून टाकणे, ही आमच्या पाहण्यातील नेहमीची चूक आहे. घरात आजारपण आले की मग सोने गहाण पडते, किंवा घर मिळेल त्या भावाने विकावे लागते.

४. आपल्या परिसरातील ठिकाणे

शेणवा, किन्हवली, डोळखांब : नाक्याच्या गावी शिक्षक, आरोग्य कर्मचारी, बँक व ग्रामपंचायतीशी संबंधित नोकरदार आणि दुकानदार असा मोजकाच भाडेकरू असतो. स्वतःची गावठाणातील जागा असेल तर एक-दोन खोल्या बांधणे योग्य. मात्र चार-सहा खोल्या एकदम बांधू नयेत. पहिल्या दोन खोल्यांना सलग दोन वर्षे भाडेकरू मिळाला, तर तिसरीचा विचार करावा. गावातील घर अडचणीत पटकन विकता येत नाही, हा त्यातला मोठा धोका आहे.

शहापूर–आसनगाव : तालुक्याची कचेरी, न्यायालय, उपजिल्हा रुग्णालय, बाजारपेठ, आसनगावचे स्थानक व अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे येथे अनेक प्रकारचे भाडेकरू आहेत. शेणव्यातून देखरेखही सोपी आहे. पाच कसोट्या लावल्या असता, आमच्या भागातील माणसाला पहिल्या घरासाठी हे ठिकाण सर्वांत अधिक जुळते, असे आमचे मत आहे. मात्र येथे संकुलेही पुष्कळ उभी राहिली आहेत. ज्या संकुलात रात्री आठ वाजता निम्म्याहून अधिक खिडक्या अंधारात असतात, तेथे घेऊ नये. तेथे आपल्यासारखेच अनेक मालक भाडेकरूची वाट पाहत बसलेले असतात.

वासिंद, खडवली, टिटवाळा : जसजसे कल्याणजवळ जावे तसतसा रोज मुंबई-ठाण्याला जाणारा नोकरदार अधिक मिळतो. वासिंदला कारखान्याचा कामगारही आहे. येथे भातसा आणि काळू नद्यांच्या काठाची जागा नीट पारखून घ्यावी.

मुरबाड : औद्योगिक वसाहत असल्याने कामगार भाडेकरू आहे, पण रेल्वे नाही. कल्याण–मुरबाड रेल्वेची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. गाडी धावेल तेव्हा धावेल. तोपर्यंत आजच्या बसच्या आणि आजच्या कारखान्यांच्या भरवशावरच भाव ठरवावा. न आलेल्या रेल्वेचे पैसे आज देऊ नयेत.

कल्याण, उल्हासनगर, बदलापूर, भिवंडी : भाडेकरू भरपूर, पण किंमत अधिक आणि कागदांचा धोकाही अधिक. जुन्या इमारतीत स्वस्त घर मिळते, म्हणून मोह होतो. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. तीस वर्षे झालेल्या इमारतीचा संरचनात्मक तपासणी अहवाल पाहिल्याशिवाय तेथे पैसा घालू नये. आपण तेथे राहणार नसलो, तरी त्या छपराखाली कोणाचे तरी कुटुंब राहणार आहे.

५. कागदांची पारख

शहापूर तालुका हा अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि मुरबाड तालुक्यातील काही गावेही त्यात येतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६ अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. "साठेखत करून घ्या, पुढे बघू" असे सांगणारे दलाल भेटतात. असा व्यवहार कायद्यात टिकत नाही, आणि त्यात एका गरीब आदिवासी कुटुंबाची जमीन जाते. ज्या समाजाने स्वतः जमिनीविना दिवस काढले, त्याने या व्यवहारात भाग घेऊ नये.

आपल्या लोकांना महार वतनाच्या जमिनींचाही प्रश्न माहीत असावा. वतनाच्या बेड्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीने पुन्हा दिल्या गेल्या. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून ज्या जमिनीवर इमारत उभी आहे, तिचा सातबारा आणि जुने फेरफार पाहावेत. "भोगवटादार वर्ग २", "नवीन शर्त", "इनाम वर्ग ६ ब" किंवा इतर हक्कांत कुळाची नोंद दिसली, तर वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. आणि आपली स्वतःची वतनी जमीन कोणी कवडीमोलाने मागायला आला, तरी तोच सातबारा आधी वाचावा.

शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून "फार्महाऊस प्लॉट" म्हणून विकण्याचा धंदा महामार्गाच्या आसपास जोरात आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास कूळकायद्याचे कलम ६३ आड येते आणि तुकडेबंदीचा १९४७ चा कायदाही पाहावा लागतो. शिवाय अशा प्लॉटला भाडे येत नाही. आपला विषय भाड्याच्या उत्पन्नाचा आहे, हे विसरू नये.

नव्या इमारतीसाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, मोठा आधार आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक असेल आणि सदनिकाही आठपेक्षा अधिक असतील, तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांच्या पैशापैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. दर चटई क्षेत्रावर सांगावा लागतो.

पण केवळ रेराचा क्रमांक पाहून थांबू नये. कल्याण–डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील ६५ इमारतींच्या बाबतीत बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तेथे घर घेणाऱ्यांत कष्टाने पैसा जमवलेली माणसे होती. म्हणून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घेऊन, ती ज्या कार्यालयाने दिली म्हणतात त्याच कार्यालयात जाऊन पडताळावी. त्यात एक रजा खर्च होईल, पण आयुष्यभराची पुंजी वाचेल.

घर पत्नीच्या किंवा मुलीच्या नावावर घेतल्यास निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात १ एप्रिल २०२१ पासून एक टक्क्याची सवलत आहे. पैशाचा फायदा आहेच. त्याहून मोठा फायदा म्हणजे घरातील स्त्रीच्या नावावर काही तरी होते.

६. भाडेकरूची भीती आणि कायदा

जुनी माणसे म्हणतात, "भाडेकरू ठेवला की घर गेले." या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी राहत असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या काळी गरीब भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकांनी दुरुस्ती सोडली आणि पागडीचा व्यवहार फोफावला.

आजची स्थिती वेगळी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यातील कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, व ती जबाबदारी मालकाची आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर लायसन्सधारकाने निवासी जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या ठिकाणांना लागू आहे. आपल्या गावाला तो लागू असो वा नसो, करार नोंदवूनच घर द्यावे.

नोंदणीचा खर्च फार नाही. समजा २४ महिन्यांचा करार, भाडे ६,००० आणि अनामत २०,००० रुपये. भाड्याचे १,४४,००० आणि अनामतीवर १० टक्के प्रमाणे दोन वर्षांचे ४,०००, मिळून १,४८,००० होतात. त्यावर पाव टक्का, म्हणजे ३७० रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. एवढ्या खर्चासाठी "ओळखीचा माणूस आहे" म्हणून तोंडी व्यवहार करू नये. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. भाडे बँकेतून घ्यावे आणि पावती द्यावी.

सहकारी सोसायटीतील घर भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क लागते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही. आयकरात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. म्हणून भाडे लपवण्याचे कारण नाही.

७. घर कोणाला द्यावे?

१९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले, तेथून जात कळल्यावर त्यांना बाहेर काढण्यात आले. आजही आडनाव विचारून, जेवणाखाण्याची चौकशी करून आपल्या मुलांना खोली नाकारली जाते. हा अनुभव ज्याच्या घरात नाही, असे आपल्यात थोडेच असतील.

मग आपण मालक झाल्यावर काय करणार? भाडेकरूची नोकरी विचारावी, आधीच्या मालकाकडे चौकशी करावी, ओळखीचे कागद घ्यावेत. हे सर्व व्यवहाराला धरून आहे. पण जात, धर्म किंवा गाव पाहून दार लावून घेऊ नये. कातकरी कुटुंब असो, परप्रांतीय कामगार असो, की शिकायला आलेली एकटी मुलगी असो. वेळेवर भाडे देणारा आणि घर नीट ठेवणारा तो चांगला भाडेकरू. हिशेबाच्या दृष्टीनेही हेच शहाणपणाचे आहे, कारण जो मालक दहा जणांना नाकारतो त्याचे घर जास्त दिवस रिकामे राहते.

८. सारांश आणि स्वाध्याय

पहिले भाड्याचे घर लहान असावे, ओळखीच्या टापूत असावे, चालत्या कामधंद्याजवळ असावे आणि त्याचे कागद निर्मळ असावेत. ते भाव वाढेल या आशेवर घेऊ नये, आजच्या भाडेकरूच्या भरवशावर घ्यावे. अडचणीचा चौथा भाग बाजूला ठेवूनच घ्यावे. आणि घेण्यापूर्वी घरातील सर्वांना, विशेषतः घर चालवणाऱ्या स्त्रीला, हिशेब दाखवूनच घ्यावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न :

(१) आपल्या गावात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांची संख्या मोजा. ती कोणत्या कामासाठी आली आहेत, त्याप्रमाणे गट पाडा.

(२) उदाहरण २ मध्ये ७ लाख रुपये कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर दरमहा पगारातून किती रक्कम घालावी लागेल?

(३) आपल्या घरच्या जमिनीचा सातबारा मिळवा. भोगवटादाराचा वर्ग आणि इतर हक्कांतील नोंदी वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा.

तिसरा प्रश्न सर्वांनी जरूर सोडवावा. ज्या घरातील मुलाला आणि मुलीला सातबारा वाचता येतो, त्या घराला दलाल सहसा फसवू शकत नाही.

जयभीम!